सरांनी कापलेला आवाज

सर वर्गात बोलत नसत. हे ऐकून कुणाला वाटेल, मितभाषी असतील बिचारे. तसं काही नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणाला वाक्य पुरं करायला मिळायचं नाही. पण वर्गात गेले की प्रोजेक्टरची तार जोडायची, गळ्यातल्या नाडीला अडकवलेला पेनड्राइव्ह लॅपटॉपमध्ये खुपसायचा आणि हात मागे बांधून भिंतीला टेकून उभं राहायचं. पडद्यावर आकृती यायची आणि स्पीकरमधून सरांचाच आवाज सुरू व्हायचा, "विद्यार्थी मित्रहो, आज आपण प्रकाशाचे अपवर्तन अभ्यासणार आहोत." आवाज शिकवत राहायचा आणि सर बाजूला उभे राहून प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे.

कुणी हात वर केला तर सर ओठांवर बोट ठेवायचे. "थांब. पुढे येतंय."

पुढे आलंच नाही तर?

"मग ते परीक्षेला नाही."

मी त्या रात्रशाळेत लिपिक होते, अजूनही आहे. परळला एका दिवसाच्या शाळेचे चार वर्ग आम्हाला संध्याकाळी साडेसहाला मिळतात. आमचे विद्यार्थी म्हणजे दिवसभर कुरिअर वाटणारे, कँटीनमध्ये राबणारे, चार घरची धुणीभांडी करून येणाऱ्या बायका, ज्यांची दहावी कधीतरी राहून गेली ते. दाखले, हजेरी, परीक्षेचे फॉर्म ही माझी कामं. पण ऑफिसातला एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या टेबलावर, म्हणून प्लग असलेली प्रत्येक वस्तू माझ्या गळ्यात. रोज सव्वासहाला सर दारात उभे. "मॅडम, तार ढिली आहे." तार कधीच ढिली नसायची. सर ती उलटी लावायचे.

शाळा ऑनलाइन होती त्या दिवसांत सगळ्याच शिक्षकांनी स्लाइड करायला शिकून घेतलं. शाळा उघडली तशी सगळ्यांनी ते सोडून दिलं आणि खडू उचलला. सरांनी सोडलं नाही. दहावीचं अख्खं विज्ञान, दोन्ही भाग, त्यांनी स्लाइडमध्ये घातलं. प्रत्येक स्लाइडवर कोपऱ्यात भोंग्याचं चित्र, त्यात त्यांचा आवाज. रेकॉर्डिंग घरी चालायचं, वरळीच्या बीडीडी चाळीत, एका खोलीत. त्यासाठी पॅसेजमधली पोरं हाकलायची, शेजारणीचा मिक्सर थांबवायचा, पंखा बंद करायचा. हे सगळं ते मला अभिमानाने सांगायचे. आणि मग कात्री! आवाजाची सुरुवात आणि शेवट कापायला स्लाइडच्या प्रोग्राममध्ये एक हिरवी आणि एक लाल खूण असते, ती सरकवायची. ते त्यांनी मला इतक्या वेळा करून दाखवलं, की माझ्या स्वप्नात हिरव्या-लाल काड्या यायच्या.

"सुरुवातीचा खोकला, शेवटची खरखर, सगळं साफ. मॅडम, माझ्या आवाजात एक श्वास फालतू सापडणार नाही."

त्यांना रजा पाहिजे असली तर अर्ज यायचा नाही, सात स्लाइड यायच्या. पहिलीवर 'विनम्र विनंती', शेवटचीवर गोल फिरणारा गुलाब. पाण्याचा फिल्टर जिन्याखालून हलवावा की नाही, यावर त्यांनी बावीस स्लाइड दाखवल्या आणि फिल्टर तिथेच राहिला. आमचा जुना शिपाई वारला तेव्हा शोकसभा घेतली. सर म्हणाले, दोन शब्द मी तयार करतो. पडद्यावर शिपायाचा फोटो कोपऱ्यातून गरगर फिरत आला, मध्यभागी थांबला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या प्रोग्राममध्ये तयार आवाज असतात, त्यातला एक चुकून लागला होता. शिपायाची बायको पहिल्या रांगेत बसली होती. मी धावत जाऊन वायर उपटली. सभा संपल्यावर सर माझ्याकडे आले. मला वाटलं, माफी मागतील.

"मॅडम, तार अशी उपटायची नसते. फाइल खराब होते."

बोलण्यातसुद्धा तेच. एखादा विषय नकोसा झाला की म्हणायचे, "पुढची स्लाइड." माझी आई हॉस्पिटलात होती, मी स्टाफरूममध्ये कुणाला तरी सांगत होते. सरांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं, म्हणाले, "वाईट झालं. बरं, पुढची स्लाइड, मॅडम, त्या स्पीकरचं काय झालं?" त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

घरच्यांचा विषय निघाला तर एकच वाक्य ठरलेलं. "आमच्या घरात एक बारावी नापास आहे. आधी तिच्यावर प्रयोग करतो. तिच्या डोक्यात शिरलं तर कुणाच्याही शिरेल." त्या बारावी नापास म्हणजे वहिनी. आम्ही कुणी त्यांना पाहिलं नव्हतं.

एकदा तास चालू असताना लाइट गेली. मुलांनी मोबाइलचे टॉर्च लावले. कुरिअरवाला एक मुलगा म्हणाला, "सर, तोंडीच सांगा ना. आम्ही ऐकतो." सरांनी खडू उचलला. फळ्याकडे वळले. मी दारातून बघत होते. ते तसेच उभे राहिले, दोन मिनिटं तरी. मग खडू ठेवला. "लाइट आल्यावर बघू," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. दिवसभर उन्हातून सायकल मारून आलेली माणसं समोर बसलेली, आणि हा माणूस सव्वीस वर्षं शिकवून लाइटची वाट बघतोय! माझं डोकं इतकं फिरलं की मी हजेरीबुक आपटून निघून आले.

अर्चना आमच्याकडे आली ती त्याच वर्षी. तिशीची असेल. आठवीनंतर तिची नजर हळूहळू जात गेली आणि नववीत शाळा सुटली. आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. लालबागला मसाल्याच्या दुकानात पाकिटं भरायची. हाताला कायम मिरचीचा आणि धण्याचा वास. तिला पुढे मसाज आणि व्यायामोपचाराचा कोर्स करायचा होता, त्यासाठी दहावी पाहिजे होती. विज्ञानाऐवजी दुसरा विषय घेता आला असता, मी फॉर्म भरताना सांगितलंसुद्धा.

"नको मॅडम. विज्ञानच ठेवा. माझी शाळा सुटली तेव्हा विज्ञानाचाच तास चालू होता."

आता या मुलीने सरांच्या तासाला काय करायचं? आवाज म्हणायचा, "आकृतीत दाखवल्याप्रमाणे." आकृती पडद्यावर. घरी जाऊन पुन्हा ऐकावं, तर सरांची फाइल तिच्या साध्या फोनमध्ये उघडत नव्हती. तिच्या फोनला नुसता आवाज चालायचा. तिने सरांकडे मागितला.

"फाइल घे की. सगळ्यांना देतो मी."

"फाइल लागत नाही सर. नुसता आवाज द्या ना."

"नुसता आवाज म्हणजे रेडिओ झाला," सर म्हणाले. "मी चित्र आणि आवाज एकत्र बांधलेत. ते सुटे करायचे नाहीत."

"पण सर, मला चित्र दिसत नाही."

"म्हणून काय चित्र काढून टाकू?"

मी तिथेच होते. दोन वेळा मध्ये पडले. आवाज वेगळा करता येतो का, एवढं तरी बघा म्हटलं. सर म्हणाले, "करता येत नाही आणि येत असला तरी करायचा नाही. पुढची स्लाइड." अर्चनाने काठी उघडली आणि वर्गात गेली. पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

करता येत नाही काय, मी म्हटलं, बघतेच. इंटरनेटवर शोधलं. निघालं ते इतकं सोपं होतं की मला अजून राग येतो. स्लाइडची फाइल म्हणजे एक गाठोडं असतं. चित्रं, मजकूर, आवाज, सगळं आत सुटं सुटं ठेवलेलं. फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं पुसून तिथे 'झिप' लिहायचं, की गाठोडं सुटतं. पहिल्यांदा मी लिहिलं तेव्हा काही झालं नाही, कारण आमचा कॉम्प्युटर ती शेवटची अक्षरं लपवून ठेवतो. फाइल तशीच उघडली आणि रिकाम्या ऑफिसात सर गरजले, "विद्यार्थी मित्रहो!" मी खुर्चीतून उडाले. मग अक्षरं दिसतील अशी सोय केली, सरांनीच वाटलेल्या फाइलची एक प्रत घेतली, नाव बदललं. कॉम्प्युटरने धमकी दिली, असं केलंत तर फाइल निकामी होईल. हो म्हटलं. आत एक फोल्डर सापडला, त्यात प्रकाशाच्या धड्यांचे अडतीस आवाज, नुसते आकडे घातलेले, चित्रांत मिसळलेले. आवाज तेवढे वेचले आणि अर्चनाच्या फोनमध्ये भरले. एकही ऐकून बघितला नाही. तीन वर्षं तोच आवाज ऐकत होते, पुरे झाला होता.

"क्रम लागलेला नाही," मी तिला सांगितलं. "तुझा तू लाव."

"लावते," ती म्हणाली. दोन दिवसांनी भेटली तेव्हा चेहरा फुललेला. "मॅडम, एकेक वीस-वीस मिनिटांचा आहे. किती छान समजावलंय!"

वर्गात तर एकेक स्लाइड दोन मिनिटांत संपायची. मला वाटलं, तिच्या फोनमध्ये हळू चालत असेल. आणि सर आणि छान? असो, म्हटलं. एकेकाची आवड.

पुढच्या गुरुवारी मी हजेरी घ्यायला दहावीत गेले होते. भिंगाचा धडा चालू होता. अर्चनाने हात वर केला. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. तिला ते कुठून दिसणार? ती बोलायला लागली.

"सर, त्या बाईंनी वाळूचं सांगितलं ना, ते एकदम क्लिअर झालं. पण भिंगाचं त्यांनी सुरू केलं आणि तुम्ही मध्येच म्हणालात, पुरे, हे कापतो. बाईंना पुढचं विचाराल का?"

"कोण बाई गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"अरे, सरांच्या रेकॉर्डिंगमध्ये आहेत ना त्या. सर चुकले की सांगतात."

वर्ग हसला. चाळीस माणसं एकदम हसली आणि स्पीकरमधून सरांचा आवाज आपला बहिर्वक्र भिंगाची व्याख्या सांगतोय. सरांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग पेनड्राइव्ह उपटला, पडदा निळा पडला आणि सर जिना उतरून गेले.

मी ऑफिसात आले आणि पहिल्यांदा ते आवाज लावले. तेव्हा उलगडा झाला. सरांची कात्री काही कापतच नव्हती. हिरव्या आणि लाल खुणेच्या मधलं तेवढं ऐकू यायचं, पण पुढचं-मागचं सगळं फाइलमध्ये जसंच्या तसं पडून राहायचं. गाठोडं सोडलं की तेही बाहेर. सरांना ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

कुकरची शिट्टी. मग सर वाचतायत, "प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात तिरकस जाताना आपली दिशा बदलतो."

बाईचा आवाज, "का?"

"का म्हणजे? बदलतो."

"अहो, पण का बदलतो? पोरं विचारतील ना."

"नाही विचारणार."

थोडा वेळ नुसती भांडी वाजतात. मग तीच बाई, स्वतःशीच बोलावं तशी, "आपण दादर चौपाटीला फरशीवरून वाळूत उतरतो बघा. तिरकं उतरलं की एक पाय आधी वाळूत जातो. तो रुततो, हळू होतो. दुसरा अजून फरशीवर, तो जोरात. मग माणूस आपोआप वळतो की नाही? तसंच असेल ते. एक बाजू आधी हळू झाली की वळणारच."

पुस्तकाची पानं चाळल्याचा आवाज. मग सर, "तसंच आहे."

"मग हेच सांगा की."

"असं नाही सांगायचं. पुस्तकातलं सांगायचं. गप्प बस आता, कापायला लागेल." खोकला. "विद्यार्थी मित्रहो!"

मी आणि दरवर्षीची चाळीस मुलं तीन वर्षं फक्त त्या खोकल्यानंतरचं ऐकत होतो.

सर चार दिवस आले नाहीत. पूर्वपरीक्षा डोक्यावर, विज्ञानाचा तास रिकामा. पाचव्या दिवशी त्यांच्याऐवजी हेडसरांच्या ईमेलवर अकरा स्लाइड आल्या. विषय, 'घरगुती संभाषणाची चोरी'. हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि आम्ही दोघांनी ते सगळं बघितलं. तिसऱ्या स्लाइडवर माझ्या टेबलाचा फोटो होता. त्यावर एक लाल बाण उड्या मारत आला आणि कॉम्प्युटरवर टेकला. 'येथून चोरी झाली.' मी मूळ रेकॉर्डिंग पळवलं अशी सरांची समजूत; कापलेलं फाइलमध्येच राहतं, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. शेवटी मागणी, संबंधित लिपिकाची तत्काळ बदली.

"बदली कुठे करू?" हेडसर कपाळ चोळत म्हणाले. "आपली शाळाच एक आहे. पण मॅडम, त्यांनी लावून धरलं तर मला वर पाठवावं लागेल. तुमच्या सेवापुस्तकात शेरा येईल. तुम्ही पण ना, विचारायचं तरी."

"विचारलं होतं. दोनदा."

"मग नाही म्हणाले असतील, तर नाही."

एकवीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात शेरा नव्हता. मी टेबलावर परत आले. ती तक्रार हेडसरांनी उत्तर द्यायला म्हणून माझ्याकडेच पाठवली होती. मी तिची प्रत घेतली, नाव बदललं, गाठोडं सोडलं. यात अर्चनाचं भलंबिलं काही नव्हतं. मला फक्त सरांना खिंडीत गाठायचं होतं. इअरफोन लावले आणि पहिल्या स्लाइडचा आवाज लावला.

"तक्रार कसली करताय?" वहिनींचा आवाज. "त्या मुलीला कळलं ना? मग झालं की."

"ती भर वर्गात म्हणाली, सर चुकले की बाई सांगतात."

"मग खोटं बोलली का?"

पॅसेजमधली पोरं ओरडत होती. कुणीतरी बादली ठेवली. नंतर सर बोलले, आणि तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. तो व्याख्या सांगणारा नव्हता, स्टाफरूममधलाही नव्हता.

"मला नाही गं समजावता येत. पाठ सगळं येतं. कुणी 'का' विचारलं की डोकं रिकामं होतं. पहिल्या दिवसापासून. वर्गात हात वर झाला की मी ओठांवर बोट ठेवतो. तुला विचारतो, तू सांगतेस, मग मला कळतं. आणि तेच कापतो. सव्वीस वर्षं तुला नापास म्हणून..." तिथे ते थांबले. "हे चालू आहे का?"

"मला काय माहीत? तुमचं मशीन."

"असू दे. कापतो नंतर." खोकला. "माननीय मुख्याध्यापक महोदय."

मी इअरफोन काढले. कॉम्प्युटर बंद केला. या माणसावर चिडायचा मला पुरता हक्क होता आणि आता नीट चिडताही येत नव्हतं, याचीच जास्त चीड आली. हेडसरांना उत्तर लिहिलं ते दोन ओळींचं. अर्चनाला आवाज मी सरांच्याच फाइलमधून काढून दिले, पुन्हा विचारल्याशिवाय देणार नाही.

शनिवारी हॉलतिकिटं लावायला मी चार वाजताच आले होते. दारात एक बाई उभ्या राहिल्या. ठेंगण्या, सुती साडी, हातात कापडी पिशवी.

"जयभीम मॅडम. मी त्या रेकॉर्डिंगमधली."

मी उठून खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. "ती मुलगी कुठे काम करते? बोलावता येईल? भिंगाचं अर्धं राहिलंय तिचं."

मी फोन लावला. लालबाग काही लांब नाही, अर्चना पंधरा मिनिटांत येते म्हणाली. तोवर माझं लक्ष पॅसेजकडे गेलं. जिन्याच्या कठड्याला धरून सर उभे होते, आमच्याकडे पाठ करून.

"ते आलेत," वहिनी म्हणाल्या. "पण येत नाहीत. राहू द्या."

अर्चना आली तशी वहिनींनी तिला पश्चिमेच्या खिडकीशी बसवलं. ऊन टेबलावर तिरकं येत होतं. पिशवीतून एक जुनं, दांडी तुटलेलं भिंग काढलं. "माझ्या सासऱ्यांचं. पेपर वाचायचे याने. मिलमधून आले की आधी पेपर. हात पुढे कर. काय लागतंय?"

"ऊन."

"आता?" त्यांनी भिंग तळहातावर धरलं आणि हळूहळू वर उचललं.

"ऊनच आहे. थोडं जास्त. अजून जास्त... आई गं!" अर्चनाने हात झटकला आणि हसायला लागली.

"तळहातभर ऊन होतं. या भिंगाने ते टिकलीएवढ्या जागेत गोळा केलं. म्हणून चटका. आता दुसरं." त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्हाला लांबचं दिसत नाही ना? द्या चष्मा." मी काही बोलायच्या आत त्यांनी तो माझ्या नाकावरून काढला. "आता बघ. चटका बसतो का?"

"नाही. उलट गारच वाटतंय मध्ये."

"हे भिंग ऊन फाकवतं. गोळा करत नाही. दोन भिंगं, दोन स्वभाव."

अर्चना तळहात चोळत बसली. मग म्हणाली, "बाई, त्या टिकलीला काय म्हणतात? पेपरात काय लिहू?"

वहिनी थांबल्या. कपाळाला आठी पडली. "काहीतरी नाव आहे त्याला. मला ना, नावंच राहत नाहीत."

"नाभी."

दारात सर होते. चष्म्याशिवाय मला ते धुरकट दिसत होते, पण आवाज ओळखू येत होता. "मुख्य नाभी. आणि भिंगापासून तिथपर्यंतचं अंतर, ते नाभीय अंतर. दोन मार्कांना येतं."

"नाभी," अर्चनाने घोकलं. "पण सर, ऊन गोळा का होतं? भिंगात असं काय आहे?"

सरांनी तोंड उघडलं. मिटलं. मला तो खडू घेऊन उभा राहिलेला माणूस आठवला आणि जीव टांगणीला लागला. सरांनी वहिनींकडे बघितलं.

"सांग तिला," ते म्हणाले. आणि स्टूल ओढून अर्चनाच्या शेजारी बसले, ऐकायला.

सर सुधारले, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. सोमवारी पुन्हा भिंतीला टेकून उभे, आणि तार ढिली. तक्रार मागे घेतली का, तर लेखी नाही. हेडसरांना म्हणाले, ती फाइल करप्ट झाली, दुर्लक्ष करा. माझी माफी मागितली नाही. अर्चना पुढे विज्ञानात चांगली पास झाली आणि त्या कोर्सला गेली. वहिनी मात्र बोर्डाच्या परीक्षेपर्यंत दर शनिवारी चार वाजता येत राहिल्या आणि दर शनिवारी माझा चष्मा गेला.

पण त्या सोमवारनंतरची एक गोष्ट राहिली. मंगळवारी सव्वासहाला सर आले. मी तारेकडे हात नेला.

"तार नाही, मॅडम." ते उभेच राहिले. "तक्रारीचासुद्धा आवाज काढला होतात का तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले. जरा जास्तच पटकन.

"बरं." पेनड्राइव्ह हातात फिरवत राहिले. "मग कसा काढायचा ते दाखवा."

"तुमच्याकडे फाइल आहे की सर. लावा आणि ऐका."

"तिथे कापलेलं ऐकू येत नाही." मग थांबत थांबत, एकेक शब्द शोधत बोलले. "त्यात मी हिला काहीतरी बोललोय. काय बोललो ते नीट आठवत नाही. रागात होतो. पण तेव्हापासून ती सकाळी चहा देऊन समोर बसते. आधी नाही बसायची. तिला विचारलं तर सांगत नाही. मी नक्की काय बोललो, ते मला ऐकायचंय."

मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. त्यांनी डायरी काढली आणि मी सांगेन ते आकडे घालून लिहून घेतलं. एक, प्रत घ्या. दोन, शेवटची अक्षरं पुसा. तीन, झिप लिहा. चार, धमकीला हो म्हणा. पाच, सगळं बाहेर काढा. त्यांनी पाचवं बटण दाबलं आणि पडद्यावर चौकट आली. या नावाचा फोल्डर इथे आधीच आहे. त्यातल्या फाइली बदलायच्या का? खाली तारीख आणि वेळ. ज्या संध्याकाळी मी ती तक्रार उघडली होती, तीच.

सरांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला आणि ती चौकट वाचली. ओठ हलत होते. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मनात तीन-चार वाक्यं जुळवली, एकही धड नव्हतं.

"मॅडम, इथे काय दाबायचं?"

"हो दाबा."

त्यांनी दाबलं. माझे इअरफोन उचलले, कानात घातले आणि माझ्याकडे पाठ केली.

बाहेर घंटा झाली. हेडसर पॅसेजमधून ओरडले, दहावीवर कोण आहे? मी हजेरीबुक घेतलं, ऑफिसचं दार ओढून घेतलं आणि वर्गात जाऊन उभी राहिले. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नाही. चाळीस जण माझ्याकडे बघत होते.

"सर नाही आले?" कुणीतरी विचारलं.

"आलेत. त्यांना थोडा वेळ लागेल."

पहिल्या बाकावरून अर्चना म्हणाली, "मॅडम, तोपर्यंत मी भिंगाचं सांगू का सगळ्यांना?"

"सांग."

ती उठली. बाकाला धरत धरत पुढे आली आणि फळ्याला पाठ लावून उभी राहिली. "सगळ्यांनी आपापला तळहात पुढे करा," ती म्हणाली. "केला का?"

सगळ्यांनी केला. मीही केला.